जरबेराची मान दोन दिवसांत का पडते? बुकेतलं फूल निवडायचं कसं आणि टिकवायचं कसं

वाढदिवसाला, साखरपुड्याला किंवा ऑफिसातल्या निरोप समारंभाला मिळालेला बुके घरी येतो. त्यातले गुलाब चौथ्या दिवशी कडेने काळे पडणार, हे आपण गृहीत धरलेलं असतं. जरबेराचा मात्र वेगळाच प्रकार. पाकळ्या ताज्या, रंग चकचकीत, कुठे डाग नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी फूल मान टाकून टेबलाकडे बघत असतं. 'शिळा माल दिला' म्हणून आपण फूलवाल्याला बोल लावतो. कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा फूल शिळं नसतं, तहानलेलं असतं. भरपूर पाण्यात उभं असूनही तहानलेलं.

हे का होतं ते एकदा समजलं, की दुकानात फूल कसं बघायचं आणि घरी किती पाण्यात ठेवायचं, याची उत्तरं आपोआप मिळतात. शिवाय मे महिन्याच्या लग्नसराईत या फुलासाठी आपण चांगले पैसे मोजतो. ते दोन दिवसांत कचऱ्यात जाऊ नयेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

सोन्याच्या खाणीच्या गावातलं फूल

जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. तिथे बार्बर्टन नावाचं गाव आहे. १८८०च्या दशकात त्या भागात सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली. त्याच काळात रॉबर्ट जेमसन या डर्बनच्या व्यापाऱ्याने तिथली ही रोपं सोबत आणली. पुढे ती इंग्लंडमधल्या क्यू उद्यानापर्यंत पोचली आणि १८८९मध्ये जोसेफ हूकर यांनी 'जरबेरा जेमसोनी' या नावाने त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. 'जरबेरा' हे नाव त्याआधीचं. ते ट्राउगॉट गर्बर या जर्मन निसर्ग अभ्यासकावरून पडलेलं आहे. इंग्रजीत या फुलाला आजही 'बार्बर्टन डेझी' म्हणतात.

रानातला तो जरबेरा नारिंगी-लाल रंगाचा आणि बारीक पाकळ्यांचा होता. आज फूलबाजारात दिसणारे पांढरे, गुलाबी, पिवळे, दुरंगी, काळ्या डोळ्याचे सगळे प्रकार नंतरच्या संकरातून आले. हे काम इंग्लंडमध्ये सुरू झालं, फ्रान्समध्ये वाढलं आणि नेदरलँड्समध्ये त्याचा मोठा धंदा झाला. एक रंग मात्र अजून कुणाला साधलेला नाही, तो म्हणजे निळा. निळा किंवा इंद्रधनुषी जरबेरा दिसला तर तो रंग पाजलेला किंवा फवारलेला आहे, असं बिनधास्त समजा. रंगवलेलं फूल वाईट असतं असं नाही, पण दुर्मीळ जात म्हणून त्याला जास्त पैसे देऊ नका.

आपल्याकडे जरबेरा पॉलिहाऊसमध्ये होतो. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यात १० किंवा २० गुंठ्यांची पॉलिहाऊस बऱ्याच गावांत दिसतील. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपं एकदा लावली की साधारण अडीच-तीन वर्षं फुलं देत राहतात. यातच शेतकऱ्याची अडचणही आहे. लग्नाच्या तिथी असोत नाहीतर पितृपक्ष असो, झाड फूल द्यायचं थांबत नाही आणि उमललेलं फूल झाडावर राखून ठेवता येत नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. तेव्हा अनेक फूल उत्पादकांना रोजचा तोडा बांधावर टाकून द्यावा लागला. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घाला, ही या शेतकऱ्यांची मागणीही जुनीच आहे. मांडवात टांगलेला जरबेरा खरा आहे की खोटा हे खालून ओळखू येत नाही, हे त्यांचं दुखणं आहे.

एक फूल नव्हे, शेकडो फुलांची वाटी

जरबेरा, सूर्यफूल, शेवंती, झेंडू, ऍस्टर, गेलार्डिया हे सगळे एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या कुळातले. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर बारक्या फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला 'स्तबक' म्हणतात. कडेची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र फूल, आणि मधली चकती म्हणजे दाटीवाटीने बसलेली शेकडो सूक्ष्म फुलं.

ही चकती बाहेरून आत उमलत जाते. आधी सगळ्यात बाहेरची ओळ उघडते, तिच्यावर पिवळे परागकण दिसतात. मग तिच्या आतली ओळ, मग त्याच्या आतली. म्हणजे फुलाचं वय त्याच्या तोंडावरच लिहिलेलं असतं, फक्त आपण पाकळ्या बघतो आणि मधला भाग बघत नाही. खरेदी करताना याचा फार उपयोग होतो, त्याकडे पुढे येऊच.

मान का पडते?

गुलाबाच्या किंवा शेवंतीच्या दांड्याला पानं असतात, गाठी असतात, आत लाकडासारखा टणकपणा असतो. जरबेराचा दांडा म्हणजे एक लांब, पोकळसर, लव असलेली नळी. तिला पान नाही की गाठ नाही. या नळीचा खालचा भाग टणक असतो. फुलाच्या लगेच खालचा साधारण १० सेंटिमीटरचा भाग, म्हणजे आपण ज्याला मान म्हणतो तो, सगळ्यात शेवटी पक्का होतो. फूल लवकर तोडलं तर तो कोवळाच राहतो. कोवळी मान ताठ उभी राहते ती केवळ आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर. सायकलच्या ट्यूबसारखं आहे हे. हवा कमी झाली की ट्यूब मऊ पडते. इथे पाणी कमी झालं की मान मऊ पडते, आणि वर १० ते १२ सेंटिमीटर व्यासाचं जड फूल बसलेलं असतं. ते वाकणारच.

पण पाण्यात उभं असलेल्या फुलाला पाणी कमी का पडतं? कारण दांड्याच्या कापलेल्या टोकाशी नळ्या बुजतात. बुजवणारे असतात जिवाणू. फुलदाणीतलं पाणी वरून स्वच्छ दिसलं तरी त्यात जिवाणू असतातच. दांड्याच्या कापातून साखर आणि इतर द्रव्यं झिरपतात, त्यावर ते वाढतात आणि त्यांचा चिकट थर पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी जमतो. दांडा हाताला बुळबुळीत लागतो तो हाच थर.

जरबेरात हा त्रास इतर फुलांपेक्षा जास्त होतो. त्याची साल मऊ आणि लवदार असते, त्यामुळे पाण्यात बुडालेला भाग पटकन कुजायला लागतो. जितका दांडा पाण्यात बुडेल, तितकी जिवाणूंना जास्त जागा आणि जास्त खाणं. आणि आपण काय करतो? 'उन्हाळा आहे, भरपूर पाणी लागेल' म्हणून फुलदाणी गळ्यापर्यंत भरतो. गुलाबाला ते चालतं, जरबेराला नाही. त्याला पानं नसल्यामुळे तसंही पाणी जरा कमीच लागतं. जरबेराला पाणी उथळ हवं आणि स्वच्छ हवं. बाकीच्या सगळ्या युक्त्या या दोन गोष्टींनंतर.

दुकानात काय बघायचं

आधी मधली चकती बघा. तिच्या कडेच्या दोन-तीन ओळी उघडलेल्या, परागकणांचं बारीक कडं दिसतंय आणि मधला भाग अजून घट्ट मिटलेला आहे, असं फूल घ्यावं. शेतकरीही साधारण याच टप्प्यावर तोडणी करतात. चकती पूर्ण मिटलेली असेल तर फूल घाईने तोडलेलं आहे, त्याची मान अजून कच्ची असते. लग्नसराईत भाव चढले की असा माल जास्त दिसतो. याउलट पूर्ण चकती पिवळ्या भुकटीने फुललेली दिसली तर फुलाचं आयुष्य बरंचसं सरलेलं आहे. दुहेरी पाकळ्यांच्या जातींत हे ओळखणं थोडं अवघड जातं, तिथे मानेवर भर द्यावा.

फुलाच्या खाली चार बोटं अंतरावर दांडा अलगद चिमटीत धरा. तो टणक लागला पाहिजे. दांडा खालून आडवा धरून पाहिला तर फूल किंचित झुकेल, पण लोंबू नये.

जरबेरावर प्लास्टिकची छोटी पिशवी टोपीसारखी चढवलेली असते. ती प्रवासात पाकळ्या चोळामोळा होऊ नयेत म्हणून घातलेली असते, त्यात काही लपवाछपवी नाही. पण पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमलेले दिसले तर ते फूल नको. कोंडलेल्या दमटपणात पाकळ्यांवर करडी बुरशी येते. आधी तपकिरी ठिपके, मग डाग. पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचे. त्याने आयुष्य फारसं कमी होत नाही, पण पूर्ण भाव कशाला द्यायचा?

दांड्याचं खालचं टोक बघायला बहुतेक जण विसरतात. जरबेरा झाडावरून कापत नाहीत, दांडा पिळून ओढून काढतात. कापला तर उरलेलं थोटूक कुजतं आणि रोग झाडाच्या खोडात शिरतो. ओढून काढलेल्या दांड्याच्या बुडाशी एक टणक, किंचित जाड टाच येते. तिच्यातून पाणी नीट चढत नाही. म्हणून तोडणीनंतर ही टाच दोन-तीन सेंटिमीटर कापून मगच फुलं पाण्यात ठेवायची असतात. घाईत हे राहून जातं. टाच तशीच असलेलं फूल दिसलं तर ते टाकाऊ नाही, पण तोडल्यापासून त्याने जवळपास काही प्यायलेलं नाही हे लक्षात घ्या आणि घरी नेल्याबरोबर ती कापा.

शेवटची परीक्षा फुलाची नव्हे, बादलीची. फुलं ज्या बादलीत उभी आहेत तिच्यातलं पाणी गढूळ असेल किंवा वास येत असेल, तर नळ्या बुजायला दुकानातच सुरुवात झालेली आहे. असा दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी त्या दिवशी दुसरं काहीतरी घ्यावं.

दादरच्या किंवा पुण्यात गुलटेकडीच्या फूलबाजारात जाणं जमत असेल तर सकाळी लवकर जावं. तिथे १० फुलांची गड्डी मिळते आणि गल्लीतल्या दुकानापेक्षा बरीच स्वस्त पडते. साध्या मोठ्या जरबेराबरोबर मिनी जरबेराही मिळतो. त्याचं फूल लहान आणि हलकं असल्यामुळे मानेवर ओझं कमी. घरच्या फुलदाणीसाठी मला तोच जास्त सोयीचा वाटतो, पण स्टेजवर लांबून दिसायला हवं असेल तर मोठाच लागतो.

घरी आणल्यावर पहिला अर्धा तास

दुचाकीवरून आणताना फुलं डिकीत आडवी कोंबू नका. जरबेराचा दांडा तोडल्यानंतरही थोडा वाढतो आणि आडवा ठेवला तर टोक वर वळवायचा प्रयत्न करतो. गड्डी उभी धरून, उन्हापासून झाकून आणावी.

फुलदाणी आधी साबणाने घासून धुवा. नुसती विसळून भागत नाही, कारण मागच्या वेळचा चिकट थर काचेला आतून लागलेला असतो. ज्या भांड्यात जेवायला हरकत वाटणार नाही इतकी ती स्वच्छ असावी. बारीक तोंडाची बाटली उत्तम, कारण दांड्यांना आधार मिळतो. सरबताची रिकामी बाटलीही चालते.

आता दांडे खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापा. धारदार सुरी किंवा ब्लेड वापरा. बोथट कात्रीने दांडा कापला जात नाही, चेपला जातो. बादलीत किंवा घमेल्यात पाणी घेऊन त्याच्या आत कापलंत तर आणखी चांगलं, कारण कापताक्षणी नळ्यांमध्ये हवेचा बुडबुडा शिरत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर कापून लगेच पाण्यात ठेवा, टेबलावर पडू देऊ नका.

फुलदाणीत पाणी किती? पाच ते सात सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन इंच. बस. सवय नसेल तर फुलदाणी रिकामी वाटते, पण फुलाला तेवढंच हवं असतं. मात्र पाणी उथळ असलं की लवकर संपतं, म्हणून रोज सकाळी नजर टाकावी लागते. एक दिवसाआड पाणी पूर्ण बदला, फुलदाणी धुवा आणि दांड्याचं टोक पुन्हा सेंटिमीटरभर कापा. दांडा बुळबुळीत लागला तर वाहत्या पाण्याखाली पुसून घ्या. सगळ्यात जास्त फरक या कंटाळवाण्या कामानेच पडतो.

ब्लीच, साखर, ॲस्पिरिन, नाणं: काय खरं, काय खोटं?

रील्समध्ये दर आठवड्याला एक नवी युक्ती येते. जरबेरापुरतं बोलायचं तर यातली एकच खरोखर कामाची आहे, आणि ती म्हणजे क्लोरीन. फूल उत्पादकही तोडणीनंतर जरबेरा क्लोरीनच्या पाण्यात ठेवतात. घरी करायचं तर सोडियम हायपोक्लोराइटचा साधा, बिनवासाचा ब्लीच १ लिटर पाण्याला पाव चहाचा चमचा एवढाच घाला. जास्त घातला तर दांडा पांढरा-तपकिरी पडून मऊ होतो, म्हणजे उपायच अपाय ठरतो. क्लोरीन उडून जातो, त्यामुळे पाणी बदलाल तेव्हा पुन्हा घालावा लागतो. धातूची फुलदाणी यासाठी वापरू नका.

इथे एक गोष्ट गांभीर्याने. ब्लीच घातलेल्या पाण्यात लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड यातलं काहीही घालू नका. 'लिंबू, साखर आणि ब्लीच' असं मिश्रण अनेक ठिकाणी सांगितलेलं दिसतं. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. फुलदाणीतलं प्रमाण थोडं असलं तरी बाटल्या हाताळताना अंदाज चुकतो, आणि स्वयंपाकघरातल्या बंद जागेत तो वायू घशाला आणि फुप्फुसांना त्रास देतो. ब्लीच ओतताना लहान मुलांना लांब ठेवा.

नुसती साखर घालणं म्हणजे जिवाणूंना जेवण वाढणं. बुकेबरोबर कधीकधी फुलांच्या खाद्याची पुडी मिळते, तिच्यात साखर असते हे खरं. पण सोबत पाणी आम्लधर्मी करणारं द्रव्य आणि जिवाणूंना रोखणारं द्रव्यही असतं. पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणात वापरा आणि मग ब्लीच घालू नका.

ॲस्पिरिनने पाणी थोडं आम्लधर्मी होतं, पण जिवाणूंचा बंदोबस्त म्हणून त्यावर विसंबता येत नाही. तांब्याचं नाणं टाकायचा सल्ला जुन्या काळचा आहे. आज आपल्या खिशातली नाणी तांब्याची नसतातच, त्यामुळे रुपया टाकून फुलाला काही मिळत नाही. मीठ तर अजिबात नको. कोल्ड्रिंकमध्ये साखर आणि आम्ल दोन्ही असतं, म्हणून काही जणांना गुण आल्यासारखा वाटतो. जरबेराच्या लवदार दांड्याला ते चिकट पाणी देण्यापेक्षा रोज स्वच्छ पाणी देणं बरं.

पाणी कुठलं वापरताय?

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जरबेरा, ग्लॅडिओलस आणि फ्रीशिया ही फुलं फ्लोराइडला नाजूक असतात. पाण्यात लिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तरी जरबेराच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडू शकतात. ही पातळी पिण्याच्या पाण्याच्या इष्ट मर्यादेइतकीच आहे, म्हणजे माणसाला चालणारं पाणीही या फुलाला जाचू शकतं. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. तिथे विंधनविहिरीच्या पाण्यात ठेवलेला जरबेरा लवकर खराब झाला तर दोष फूलवाल्याचा असेलच असं नाही.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असलं तरी ते फुलात सावकाश चढतं. उपाय सोपा आहे. फुलदाणीला लागतं दोन-तीन पेले पाणी, तेवढं पिण्याच्या शुद्ध पाण्यातून घ्या. मात्र आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वापरू नका. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते बादलीत साठवतात. लादी पुसायला ते ठीक, पण गाळलेले सगळे क्षार आणि फ्लोराइड त्यातच एकवटलेले असतात.

उन्हाळा आणि आंब्याची अढी

तोडलेलं फूलही श्वास घेत असतं आणि साठवलेली साखर जाळत असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. म्हणून जे फूल जानेवारीत १० दिवस टिकतं, ते मेमध्ये ४० अंशांत पाच दिवस टिकलं तरी चांगलं म्हणायचं. शिवाय उन्हाळ्यात पॉलिहाऊसमध्येही फूल घाईने उमलतं, दांडा आखूड आणि जरा मऊ येतो.

घरातली सर्वात थंड, सावलीची जागा निवडा. पंखा, कूलर किंवा एसीचा थेट झोत नको, पाकळ्या त्याने सुकतात. समारंभ उद्या असेल तर फुलं फुलदाणीसकट वर्तमानपत्रात सैल गुंडाळून रात्रभर फ्रिजच्या खालच्या भागात ठेवता येतात. मात्र फ्रीजरच्या कप्प्याला किंवा मागच्या गार भिंतीला टेकवू नका. पाकळ्यांवर पाणी शिंपडायची सवय असेल तर ती सोडा. टवटवी येत नाही, बुरशी मात्र येते.

फळांजवळ फुलं ठेवू नयेत, असं नेहमी सांगतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात, हे खरं. पण जरबेराला इथिलीनचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो त्याच बुकेतल्या कार्नेशनला. त्यामुळे मिश्र बुके असेल तर ज्या खोलीत आंब्याची अढी घातली आहे, तिथे तो ठेवू नका.

तार, फोम आणि स्टेज

बुके आणि स्टेजच्या सजावटीत जरबेराची मान सरळ राहावी म्हणून फूलवाले दांड्याला तार लावतात किंवा पारदर्शक स्ट्रॉ चढवतात. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी त्यात वावगं काही नाही. पण तारेने मान सरळ दिसते, पाणी चढत नाही. तार दांड्याच्या आतून घातली असेल तर जखमही होते. बुके घरी आला की चकचकीत कागद, रिबिनी, तार आणि प्लास्टिकची टोपी सगळं काढा आणि फुलं वेगळी करून नव्याने कापून पाण्यात ठेवा. बुके न सोडता तसाच बादलीत ठेवणं, हे जरबेरा दोन दिवसांत जाण्याचं एक मोठं कारण आहे. आतले दांडे दाबून बांधलेले असतात आणि सोबतच्या पानांचा पाला पाण्यात कुजत असतो.

टोपलीतली सजावट हिरव्या फोममध्ये खोचलेली असते. हा फोम भिजवताना पाण्यावर नुसता ठेवायचा आणि आपोआप बुडू द्यायचा. दाबून बुडवला तर आत हवा राहते आणि त्या जागेत खोचलेलं फूल कोरडं पडतं. जरबेराचा दांडा मऊ असल्यामुळे आधी काडीने भोक पाडून मग तो खोचावा. खरं सांगायचं तर जरबेरा आणि फोम यांचं फारसं जमत नाही. शिवाय हा फोम प्लास्टिकचाच प्रकार आहे. तो मातीत कुजत नाही, त्याचा फक्त भुगा होतो. कुंडीत किंवा निर्माल्यात तो टाकू नका.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर जरबेराबद्दल काळजी नको, तो त्यांना विषारी नाही. बुकेत लिली असेल तर मात्र मांजराच्या जिवाला खरा धोका असतो. लिलीचे परागकण चाटणंही मांजराला महागात पडतं. शेवंतीही पाळीव प्राण्यांना बाधते. मांजर असलेल्या घरी भेट न्यायची असेल तर नुसत्या जरबेराचा बुके सांगावा.

मान पडलीच तर

लगेच टाकून देऊ नका. दांडा नुसता मऊ पडून वाकला असेल, तर फूल वाचण्याची चांगली शक्यता असते. दांडा तीन-चार सेंटिमीटर कापा. सगळी फुलं एका पातळीवर आणून गड्डी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, अशी की माना कागदाच्या आधाराने सरळ राहतील आणि बुडाची टोकं उघडी राहतील. मग ती स्वच्छ, उथळ पाण्यात दोन-तीन तास अंधाऱ्या, थंड जागी उभी करा. पाणी चढलं की मान कागदात सरळच ताठ होते. आधी गुंडाळणं महत्त्वाचं आहे. वाकलेलं फूल तसंच पाण्यात ठेवलंत तर ते वाकडंच ताठ होतं, आणि मग सरळ करायला गेलात की मोडतं.

मानेपाशी दांडा दुमडून चीर पडली असेल किंवा तो तिथे तपकिरी झाला असेल, तर मात्र ही युक्ती चालणार नाही. अशा वेळी फूल तीन बोटं दांडा ठेवून कापा. पेल्यात किंवा पेढ्याच्या वाटीएवढ्या भांड्यात ते मावतं, आणि मान आधाराला टेकल्यामुळे पडायचा प्रश्नच उरत नाही. पसरट भांड्यात पाणी घेऊन नुसती फुलं तरंगत ठेवली तरी आणखी दोन-तीन दिवस जातात. पाण्यावर तरंगणाऱ्या जरबेराच्या पाकळ्या खालून भिजून गळायला लागल्या, की ओल्या कचऱ्याच्या डब्यात किंवा घरच्या खताच्या कुंडीत टाका. त्याआधी रिबिनीचा तुकडा किंवा तार दांड्याला राहिलेली नाही ना, तेवढं बघा.